चिठ्ठीबिगर गोळी

आमच्या गल्लीच्या तोंडाला मन्मथ आप्पाचं किराना दुकान हाय. दुकानात पुढंच, शांपूच्या पुड्यांच्या शेजारी, डोकं दुखायच्या गोळ्यांची माळ टांगलेली असते. सर्दीच्या गोळ्या हायत, बाम हाय, गॅस झाला तर पान्यात टाकायची पुडी हाय. अन् आप्पाचं सोताचं डोकं दुखलं की आप्पा काय करतो? ती माळ हातानं बाजूला सारतो, शटर खाली वढतो, कुलूप घालतो, अन् सरकारी दवाखान्यात जाऊन केसपेपरच्या लाइनीत हुबा राहतो. दोन-दोन घंटे. अन् तिथं तीच गोळी लिहून मिळते, जी दुकानात त्याच्या नाकापुढं लोंबत असते.

म्हंजी हलवायानं जिलबी खायला कुनाच्या तरी लग्नाची पत्रिका यायची वाट बघावी, तसं.

मी खाजा. रिक्षा चालवतो. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तिसरीचं दार मला बारीक पडलं. आप्पाच्या दुकानासमोर माझी रिक्षा लागते, म्हनून आप्पाचं सगळं मला म्हाईत. अन् माझं सगळं गल्लीला म्हाईत, कारन ते मीच सांगत फिरतो.

आप्पाकडं कुठलीबी चीज सरळ मिळत न्हाई. गूळ मागितला की इचारनार, चहाला का पोळीला? चहाला म्हनलं तर वेगळी ढेप फोडनार. मिरची पावडर मागितली की घरात कुनाला मूळव्याध हाय का ते इचारनार, ते बी बायामानसांच्या पुढं. एकदा मी दोर मागितला. तर आप्पानं मला पोत्यावर बसवलं, पानी दिलं, अन् अर्धा घंटा घरचं हालहवाल इचारत राहिला. बायको बरी हाय का, पोरं शाळेत जातात का, कुनी काय बोललं का. मी म्हनलं, आप्पा, रिक्षाची ताडपत्री बांधायची हाय. तवा दोर दिला. तो बी इतका आखूड दिला की ताडपत्री सोडा, त्यात कोंबडीचा पाय बांधला गेला नसता.

आमची वस्ती म्हंजी क्लासच्या पोरांची. लातूरला तुम्ही आला असाल तर बघितलंच असंल, घरावर घर अन् खोलीवर खोली. शिरूर अनंतपाळ, मुरुड, पार बिलोलीकडनं पोरं येतात डॉक्टर व्हायला. परीक्षा जवळ आली की सगळ्या वस्तीला एकच दुखनं, डोकं. पोरगं दुकानात येतं, म्हनतं, काका, एक गोळी द्या. आप्पा चष्मा वर करतो. कवा झोपलास? जेवलास का? चष्म्याचा नंबर तपासून किती दिवस झाले? पोरगं उत्तर देऊन देऊन दमतं. मग आप्पा लिंबू पिळतो, मीठ-साखर घालतो, गिलास पुढं करतो.

पोरगं म्हनतं, अन् गोळी?

आप्पा म्हनतो, चिठ्ठी आन.

एक आगाऊ पोरगं म्हनलं, काका, धा वर्सांनी मीच चिठ्ठ्या लिहिनार हाय. आप्पा म्हनला, मग धा वर्सांनी ये.

मी एकदा इचारलं, आप्पा, द्यायच्याच नसतील तर टांगल्या कशाला? तर म्हनला, "दुकान म्हनलं की टांगावं लागतं. गाडीला लिंबू-मिरची टांगतोस, ती काय खातोस का?" अन् वरून त्याचं ठरलेलं वाक्य, जे गल्लीतल्या बारक्या पोरांना बी पाठ हाय: "चिठ्ठीबिगर गोळी म्हंजी पत्त्याबिगर पोस्टकार्ड. पोटात गेल्यावर तिला कोन सांगनार, डोक्याकडं जा म्हनून?"

ह्या चिठ्ठीचं मूळ भूकंपात हाय. अन् त्या मुळाला मी बी लटकलेला हाय.

आप्पाचं गाव किल्लारीच्या अलीकडं. भूकंपात घर गेलं, दुकान गेलं, बायको गेली. राहिला आप्पा अन् सहा वर्साची लेक, महानंदा. दोघं पत्र्याच्या शेडात राहायचे. मी तवा जवान होतो, मदतीच्या ट्रकवर क्लीनर. कुठनं कुठनं औषधाची खोकी यायची, ढीग पडायचा, कशातलं कोनतं औषध ते कुनाला कळंना. पोती उतरवून माझं अंग दुखत होतं. अन् फुकट हाय म्हनल्यावर मला जास्तच दुखायला लागलं. मी रंग बघून गोळ्या निवडल्या. एक लाल, एक पिवळी, दोन पांढऱ्या, एक निळी दिसायला चांगली होती म्हनून. खाल्ल्या अन् एका पत्र्याच्या सावलीत आडवा झालो, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

लोकांनी माझ्यावर चादर टाकली. भूकंप होऊन गेल्यावर ट्रकमधी बसून येऊन मेलेला मी एकलाच. आप्पाला ती चादर हलताना दिसली. त्यानं एका बारक्या डॉक्टरला, मिसरूड बी नीट फुटलं नव्हतं त्याला, हाताला धरून वढत आनलं. तोच डॉक्टर मग रोज यायला लागला, कारन शेडात नंदाला ताप होता. पोरीच्या कपाळाला हात लावायचा, कागदावर तिचं नाव लिहायचा, अन् मोजून दोन गोळ्या द्यायचा. आप्पा तो कागद घडी करून छातीशी ठेवायचा. आठ दिवसांनी पोरगी तापातनं उठली. मी बी उठलो होतो, पन माझं कौतुक कुनी केलं न्हाई.

तवाच आप्पानं दोन गोष्टी ठरवल्या. एक, चिठ्ठीबिगर गोळी न्हाई. दोन, पोरगीला डॉक्टर करायचं.

मग आप्पा लातूरला आला, गल्लीत दुकान टाकलं. नंदा त्या गोळ्यांच्या माळेखाली पोत्यावर बसून पाढे म्हनायची. मोठी झाली तशी क्लासला जायला लागली. तिला न्यायला-आनायला माझीच रिक्षा. एकदा मला सर्दी झाली म्हनून मी मेडिकलवरनं सोताच्या मनानं दोन गोळ्या घेतल्या अन् रेल्वे फाटकावर गाडी लावली तितक्यात झोप लागली. जाग आली तवा नंदा चालत क्लासला गेलेली, अन् मागच्या सीटवर एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन बसलेली. म्हनलं, मावशी, कुठं जायचं? म्हनली, आता कुठं न्हाई रे बाबा, बाजार उठला.

नंदा डॉक्टर झाली. निकालाच्या दिवशी आप्पानं अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवायच्या आधी इचारायचा, शुगर न्हाई ना?

इथपर्यंत सगळं गोड होतं. पुढं नंदानं सोबत शिकलेल्या पोराशी कोर्टात लगीन केलं. पोरगा बिलोलीकडचा, सोभावानं गाय, पन जातीतला न्हाई. अन् सांगितलं लगीन झाल्यावर. आप्पा म्हंजी लिंगायत. गळ्यातल्या लिंगाला हात लावून भर दुकानात बोलला, आजपासनं ह्या तोंडानं तिच्याशी बोलनार न्हाई. नंदा समोर हुबी होती. ती पाया पडली अन् गेली.

चार वर्स झाली. मला लई वाटायचं, आपन मधी पडावं. पन मी मधी पडलो की नेमका कुनाच्या तरी अंगावरच पडतो.

अन् मागच्या साली नंदाची बदली झाली. कुठं? आमच्याच वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात. मी रिक्षातनं जाताना तिच्या नावाची पाटी बघितली अन् गपगार दुकानासमोर येऊन बसलो. म्हनलं, आप्पाला कळलं तर काय व्हईल. पुढच्या सोमवारी आप्पाचं डोकं दुखायला लागलं.

जन्मात न दुखलेलं डोकं. त्या सोमवारी दुखलं, पुढच्या सोमवारी दुखलं, तिसऱ्या सोमवारी सर्दी झाली. लोकं म्हनले, म्हाताऱ्याला चिक्कूपना सुचून राहिला, दुकानातली गोळी खर्ची पडू नये म्हनून सरकारची खातो. मी बी म्हनलो. सगळ्यात जोरात मीच म्हनलो.

एका सोमवारी आप्पाची सायकल पंचर होती, म्हनून मी रिक्षातनं नेलं. लाइनीत त्याच्याबराबर हुबा राहिलो अन् नंबर आला तसा मागनं केबिनमधी शिरलो. टेबलाच्या पलीकडं नंदा. तिनं मला बघितलं, जरा हसली, अन् मान खाली घालून केसपेपर वढला.

"नाव?"

"मन्मथ शिवलिंगअप्पा."

"वय?"

"चौसष्ट."

"काय होतंय?"

"डोकं दुखून राहिलं."

नंदा उठली, टेबलाला वळसा घालून आली, अन् बापाच्या कपाळावर हात ठेवला. आप्पानं डोळे मिटले. मी आजवर लई तापाची मानसं बघितली, पन ताप बघायला कुनी इतका वेळ हात ठेवलेला बघितला न्हाई. मग म्हनली, ताप नाही. झोप लागते का? आप्पा म्हनला, लागती, पन पहाटे जाग येती. तिनं पानी जास्त प्या म्हनून सांगितलं अन् दोन गोळ्या लिहून दिल्या. ज्या माळेखाली पाढे पाठ केले, त्याच माळेतली गोळी ती बापाला लिहून देऊन राहिली होती, अन् तो मान हलवून घेऊन राहिला होता, जशी काय विलायतेहून आलीय.

बाहेर आल्यावर आप्पा औषधाच्या खिडकीकडं गेलाच न्हाई. चिठ्ठीची घडी केली, बंडीच्या खिशात ठेवली, चालायला लागला.

मी म्हनलं, आप्पा, गोळ्या?

"आता कशाला? राहिलं की डोकं दुखायचं."

मी म्हनलं, आप्पा, तुम्ही तर बोललात की तिच्याशी. लिंगाची आन होती.

आप्पा थांबला. "केसपेपर काढलेला मानूस पेशंट असतो, खाजा. पेशंटनं सांगितलंच न्हाई तर डॉक्टर तपासनार कसं? ते बोलनं न्हाई. ते तपासनं हाय."

मग थोडं पुढं गेल्यावर म्हनला, "अन् सोमवारी सकाळी खरंच दुखतं रे. खोटं न्हाई बोलत मी तिच्याशी."

तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागतो, खिडकी एकच हाय अन् ती बी मागच्या बाजूला.

झालं. वर्सभर असं चाललं. आप्पा सोमवारी पेशंट, बाकी सहा दिवस दुकानदार. अन् मग दवाखान्याच्या भिंतीवर नोटीस लागली. मी एकेक अक्षर लावत वाचली. तिच्यात असं होतं की सर्दी, डोकेदुखी, गॅस, खाज, असल्या बारक्या दुखन्याची औषधं आता लिहून मिळनार न्हाईत, ती ज्यानं त्यानं बाहेरून घ्यावीत, डॉक्टरचा वेळ मोठ्या दुखन्याला लागतो.

खरं सांगू का, नोटीस बराबर होती. त्या सोमवारी आप्पाच्या मागं एक बाई हुबी होती, काखेत तापानं फनफनलेलं लेकरू. ती सकाळधरनं एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेऊन राहिली होती. सिस्टर लाइनीतनं इचारत आली. आप्पाला म्हनली, आजोबा, काय होतंय? आप्पा म्हनला, डोकं. सिस्टर म्हनली, मग आता बाहेरून घ्या, कुठल्याबी दुकानात मिळती.

इथं मी गप बसायला पाहिजे होतं. पन लाइनीत पन्नास मानसं, सगळी कंटाळलेली, अन् माझ्या जिभेला गर्दी बघितली की खाज सुटते. ती खाज नोटिशीत बसत न्हाई. मी मोठ्यानं म्हनलो, "सिस्टर, ह्यांना काय सांगता? ह्यांच्या सोताच्या दुकानात ह्याच गोळ्यांची माळ टांगली हाय, तोरनासारखी."

सगळी लाइन हसली. सिस्टर हसली. लेकरावाली बाई तेवढी हसली न्हाई, ती आप्पाकडं बघत राहिली. आप्पानं मागं वळून त्या लेकराकडं बघितलं. हातातला केसपेपर दुमडला, बाईला म्हनला, "बाई, तू हो पुढं," अन् चालत निघून गेला. रिक्षात बी बसला न्हाई.

पुढच्या सोमवारी दुकान उघडं. त्याच्या पुढच्या सोमवारी बी उघडं. लोकं म्हनले, आप्पा बरा झाला. तिसऱ्या सोमवारी मी समोर रिक्षा पुसत होतो. क्लासचं एक पोरगं आलं, म्हनलं, काका, एक डोक्याची गोळी. आप्पानं माळेतनं टर्रकन एक फाडली अन् दिली. पोरगं निघून गेलं. "कवा झोपलास?" न्हाई, "जेवलास का?" न्हाई, "चिठ्ठी आन" न्हाई.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. म्हनलं, खाजा, हे तुझं काम. मानसाचा आठवड्यातला एक दिवस होता, तो तू पन्नास मानसांना हसवायला काढून दिलास.

दुपारी मी दुकानात जाऊन पोत्यावर बसलो. म्हनलं, आप्पा, नोटीस बारक्या दुखन्याला हाय. मोठं दुखनं असलं तर जाता येतंय की. बीपी, शुगर, असलं कायतरी. आप्पा म्हनला, ते खोटं सांगता येत न्हाई, मशीन लावतात. मी म्हनलं, खोटं कशाला, ह्या वयात असंलच. गनपतीच्या मंडळानं चौकात तपासनी शिबिर लावलंय, जाऊ या.

आप्पा त्या दिवशी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गेला, जसं काय पोरगी बघायला चालला. मी बी सोबत म्हनून हात पुढं केला. बीपी तपासली, शुगर तपासली, छातीची पट्टी काढली. तिथला पोरगा आप्पाचा कागद बघून म्हनला, आजोबा, सगळं एक नंबर, वीस वर्साच्या पोराचं असावं तसं. आप्पाचं तोंड उतरलं. म्हनला, नीट बघ रे बाबा, कायतरी असंल. पोरगा म्हनला, काय बी न्हाई. आप्पा म्हनला, थोडं तरी?

मग पोरग्यानं माझा कागद उचलला अन् त्याच्या भुवया वर गेल्या. म्हनला, चाचा, तुमची शुगर लई वाढलीय, लगेच डॉक्टरला दाखवा, सरकारी दवाखान्यात दर महिन्याला गोळ्या मिळतात.

अन् आप्पानं मला मिठी मारली. भर चौकात. भूकंपात चादरीखालनं उठलो तवा बी मारली नव्हती. म्हनला, "नशीबवान हायस, खाजा." मग माझं तोंड बघून जरा वरमला. म्हनला, "म्हंजी वाईट झालं. पन सोबत कोन तरी लागंल की तुला."

पेशंटसंगं नातेवाईक असतो. त्याला केसपेपर लागत न्हाई, नोटीस लागत न्हाई. आप्पाला वाटलं मार्ग सापडला. मला बी वाटलं. आमच्या दोघांच्या बी ध्यानात आलं न्हाई की नातेवाईक पेशंट नसतो.

सोमवारी आमचा नंबर आला. मी स्टुलावर, आप्पा माझ्या मागं हुबा. नंदानं वर बघितलं. चार सोमवारांनी बापाला बघत होती ती. माझा कागद वाचला अन् मला इचारलं, खाजाचाचा, गोड किती खाता?

मी म्हनलं, गोड? हराम हाय मॅडम. डोळ्यानं बी बघत न्हाई.

मागनं आप्पानं तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. त्याला कळलं, आज तपासनं माझं हाय, त्याचं न्हाई. तो बोलला तर ते बोलनंच होनार. आमच्याकडं घरात अबोला असला की मानसं मधल्याला सांगून बोलतात. नवरा पोराला म्हनतो, तुझ्या आईला सांग मीठ कमी हाय, अन् आई दोन हातावर बसलेली असते. आप्पानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खाजा, मॅडमला सांग, काल तू हॉटेलात चार जिलब्या हानल्यास."

मी म्हनलं, आप्पा, हे मी सांगू?

"सांग."

मी म्हनलं, मॅडम, मी काल चार जिलब्या हानल्या.

"सांग, वरनं रबडी."

मॅडम, वरनं रबडी. आजवर माझी चोरी मी सोता हौसेनं सांगत आलो, पन दुसऱ्यानं मागं हुबं राहून मला सांगायला लावायची ही पहिलीच खेप.

नंदानं लिहायचा पेन खाली ठेवला. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. मला म्हनली, "चाचा, त्यांना विचारा, तुमच्यासोबत तेही जिलबी खातात का?"

आप्पा म्हनला, "सांग, जिलबी चावत न्हाई. खालची दाढ पडली."

"कधी पडली?"

"सांग, तीन आठवडे झाले."

"मग भाकरी कशी खातात?"

"सांग, वरनात बुडवून ठेवतो."

"भाकरी कोण करतं?"

"सांग, मीच. एका बाजूनं करपती."

मी मधी बसून एकदा इकडं, एकदा तिकडं तोंड फिरवून राहिलो. सांगायला मला कुनी वेळच देईना. माझी शुगर टेबलावर तशीच पडलेली. बाहेर लाइन खोकून राहिली होती. सिस्टरनं दारातनं डोकं आत घातलं अन् काय बघितलं कुनास ठाऊक, परत बाहेर काढलं.

नंदानं माझ्या गोळ्या लिहिल्या, चिठ्ठी माझ्या हातात दिली. मग म्हनली, "चाचा, त्यांना सांगा, सोमवारी इथं लोक ताटकळतात. गुरुवारी दीड वाजता ओपीडी संपते. मग मी डबा खाते. एकटीच असते."

आप्पा म्हनला, "खाजा, तिला इचार, गुरुवारी कोन म्हनून यायचं? पेशंट म्हनून, का तुझा नातेवाईक म्हनून?"

मी इचारायला तोंड वळवलं. पन नंदा माझ्याकडं बघतच नव्हती.

"आप्पा, जेवायला या," म्हनली.

सरळ. त्याच्याकडं बघून. तवा माझ्या ध्यानात आलं, आन आप्पानं घेतली होती. पोरगीनं कवाच घेतली नव्हती. तिला कवाबी बोलता येत होतं, पन बापाला उत्तर देता येनार न्हाई म्हनून ती इतके दिवस फक्त डॉक्टरचं बोलत राहिली.

आप्पाचा हात माझ्या खांद्यावर होता. म्हनला, "खाजा, तिला सांग. येतो म्हनावं."

मी सांगितलं न्हाई. टेबल दीड हाताचं, पोहचायचं ते पोहचलं होतं.

तवाधरनं गुरुवारी आम्ही दीड वाजता जातो. आन मोडलेली न्हाई, म्हनून मधला मानूस लागतो, म्हनून मला बी जेवायला बसावं लागतं. खाजा, तिला सांग भाजी झकास झालीय. खाजा, तिला इचार जावई कवा येनार. जावई शब्द पहिल्यांदा आप्पाच्या तोंडातनं निघाला तवा नंदाच्या हातातला घास तसाच राहिला, अन् मी घाईनं सांगून टाकलं, नायतर म्हातारा वापस घ्यायचा. मला मातर शुगर असल्यामुळं बिनसाखरेचा चहा अन् अर्धीच भाकरी. डब्यात एकदा शिरा होता, दोघांनी माझ्यासमोर खाल्ला.

मागच्या गुरुवारी मी हात धुवायला म्हनून बाहेर गेलो अन् मुद्दाम उशीर केला. म्हनलं, मी नसलो तर बोलतील दोघं. दाराच्या फटीला कान लावला. काय ऐकू येईना. फटीतनं बघितलं तर दोघं गपच होते. नंदा बापाच्या ताटात भाकरी चुरून राहिली होती, बारीक, लेकराला चुरतात तशी, अन् वरनं वरन वतून राहिली होती. आप्पा ताट जरा-जरा तिच्याकडं सरकवून राहिला होता.

मी आत गेलो न्हाई. रिक्षात जाऊन बसलो. माझी अर्धी भाकरी आतच राहिली.